शून्य पूर्णांक शून्य सहा

आमच्या कपाटात एका प्लॅस्टिकच्या पिशवीत माझे सगळे रिपोर्ट सालवार लावून ठेवलेले आहेत. त्यातला २०१९चा एक कागद मी मुद्दाम सगळ्यांत वर ठेवतो. त्यावर एक ओळ आहे: ग्रोथ हार्मोन, ०.०६ नॅनोग्रॅम प्रति मिली. शेजारी नेहमीची मर्यादा छापलेली आहे, ०.०१ ते ०.९७. आकडा मर्यादेत बसला, म्हणून ठळक अक्षर नाही, बाण नाही, काही नाही. तो कागद वाचून मी बायकोला म्हणालो होतो, "हेपण नॉर्मल आलंय." ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग तुम्ही असे का झालाय?"

या प्रश्नाचं उत्तर मिळायला आणखी दीड वर्ष गेलं. मधल्या काळात रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा हे मला नव्याने शिकावं लागलं. मी शिक्षक आहे. जे उशिरा समजलं ते दुसऱ्याला लवकर समजावं एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

मी आजरा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. घरचं दोन एकर भात आहे, थोडा ऊस आहे. २०१६च्या नोव्हेंबरात सुगी चालू होती आणि शाळा सुटल्यावर मी शेतावर गेलो होतो. कापलेल्या भाताचा भारा उचलायला वाकलो तेव्हा कुकरची वाफ सुटावी तसा फुत्कार ऐकू आला. तो कसला हे ध्यानात येईपर्यंत डाव्या घोट्याच्या वर चटका बसला होता. जाडजूड अंग, पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके. शेजारच्या तात्यांनी बघितल्याबरोबर सांगितलं, घोणस. त्यांनी मला एक पाऊलही चालू दिलं नाही. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलं आणि तासाभरात दवाखान्यात पोचवलं. वाटेत मांत्रिकाचं घर लागत होतं, तिथे कुणी थांबलं नाही. त्या तासाचे माझ्यावर उपकार आहेत.

दवाखान्यात एका कोरड्या काचेच्या नळीत माझं थोडं रक्त घेतलं आणि नळी तशीच उभी ठेवली. वीस मिनिटांनी ती तिरकी करून पाहिली. रक्त गोठलं नव्हतं, पाण्यासारखं काठाकडे वाहिलं. घोणशीचं विष रक्त गोठवणारी द्रव्यं भराभर खर्चून टाकतं, मग गोठायला काही उरतच नाही. लगेच सलाइनमधून विषावरची लस सुरू झाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून चालते ती. रात्री हिरड्यांतून रक्त आलं, लघवी काळ्या चहासारखी झाली आणि तिसऱ्या दिवशी बंदच झाली. मला कोल्हापूरला हलवलं. अकरा वेळा डायलिसिस झालं. चोविसाव्या दिवशी घरी आलो तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं पुन्हा कामाला लागली होती. आईने रवळनाथाला नारळ वाढवला. सगळ्यांनाच वाटलं, संपलं एकदाचं.

पहिले सहा महिने थकवा येणारच, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण वर्ष झालं, दीड वर्ष झालं तरी तो उतरेना. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की हात खाली यायचा. मे महिन्यात चादर लागायची. पोट सुटलं, दंड मात्र वाळले. तोंडाभोवतीची कातडी पातळ होऊन तिच्यावर बारीक सुरकुत्या पडल्या. नवरा-बायकोचं नातं नुसतं सोबतीपुरतं उरलं, आणि याबद्दल कुणाशी बोलायचं हे आम्हा दोघांनाही समजत नव्हतं. सगळ्यांत आधी नेमकं बोट ठेवलं ते आमच्या न्हाव्याने. "गुरुजी, तुमची दाढी आता महिन्याला एकदा केली तरी चालंल बघा," तो म्हणाला. तो सहज बोलला होता. मी घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. छातीवरचे केसही गेले होते.

२०१८मध्ये थायरॉइड तपासलं. टीएसएच २.१, नॉर्मल. "थायरॉइड नाही, मनावर घेऊ नका," असं सांगून मला शक्तीच्या गोळ्या दिल्या गेल्या. पुढच्या वर्षी पुण्याच्या मेहुण्याने सगळ्या हार्मोनची तपासणी एकदाच करणारं एक पॅकेज शोधलं. त्यातच ते ०.०६ आलं. सकाळी अकराच्या सुमारास रक्त दिलं होतं, नाश्ता करून. कुणी काही विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं.

२०२०च्या पावसाळ्यात साधे जुलाब झाले. दुसऱ्या दिवशी मी घरातल्या माणसांना ओळखेनासा झालो. तिसऱ्या दिवशी फिट आली. रक्तातलं सोडियम ११२ होतं, १३५च्या खाली गेलं की कमी धरतात. सलाइन चालू होतं तरी रक्तदाब वर येत नव्हता. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी आईला विचारलं, "यांना आधी कधी मोठा आजार झाला होता का?" आई म्हणाली, "आजार न्हाई बाबा, घोणस चावली हुती. रगात बदलाय मशीन लावलं हुतं." ते डॉक्टर क्षणभर गप्प राहिले आणि त्यांनी कॉर्टिसॉलसाठी, म्हणजे शरीराला संकट पेलायला लागणाऱ्या हार्मोनसाठी, रक्त घेतलं. रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधाच्या रूपातल्या त्याच हार्मोनचं, इंजेक्शन दिलं. संध्याकाळी मी उठून बसलो आणि चहा मागितला. कॉर्टिसॉल १.८ आलं. अंगावर एवढं संकट असताना ते कितीतरी पटींनी जास्त असायला हवं होतं.

कोल्हापूरच्या एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टर, मॅडमनी एमआरआय दाखवला. मेंदूच्या तळाशी हाडाची एक खोबण असते, घोड्याच्या खोगिरासारखी. तिच्यात वाटाण्याएवढी पिट्युटरी बसलेली असते, जिला आपण शाळेच्या पुस्तकात पीयूषिका ग्रंथी म्हणतो. बाकीच्या ग्रंथींना कामाला लावते ती हीच. माझी खोबण जवळजवळ रिकामी होती. घोणशीच्या विषाने सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, रक्तस्राव होतो, रक्तदाब कोसळतो. या सगळ्यात या ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती मरू शकते. ब्रह्मदेशातल्या घोणस चावलेल्या रुग्णांमध्ये हे १९८७ साली नोंदवलं गेलं, नंतर आपल्याकडेही अनेक ठिकाणी आढळलं. डायलिसिस लागलेल्यांना हा धोका अधिक असतो. कुणाला पहिल्याच आठवड्यात कळतं, कुणाला कित्येक वर्षांनी.

माझं टीएसएच नॉर्मल का होतं तेही तिथेच समजलं. टीएसएच पिट्युटरीच बनवते. थायरॉइडला दिलेली ती हाक असते. हाक देणारीच अर्धमेली असेल तर हाकेची मोजणी करून काय हाती लागणार? मोजायला हवं होतं ते थायरॉइडने प्रत्यक्षात दिलेलं फ्री टी-फोर. ते ०.४ आलं, किमान ०.८ हवं होतं. टेस्टोस्टेरॉन ४६, जिथे ३०० तरी पाहिजे.

मग मी पिशवीतून तो जुना कागद काढला. "मॅडम, हा हार्मोन तरी नॉर्मल आहे ना?"

त्यांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "गुरुजी, आत्ता या मिनिटाला माझं रक्त काढलं तरी कदाचित एवढाच आकडा येईल."

मला तेव्हा काहीच उमगलं नाही. त्यांनी दुसरे पेशंट थांबवून दहा मिनिटं समजावून सांगितलं. ते दहा मिनिटांचं बोलणं मी इथे माझ्या शब्दांत मांडतो.

वाढीचा हार्मोन, म्हणजे कागदावरचा ग्रोथ हार्मोन, पिट्युटरीतून सतत झिरपत नाही, लाटांनी सुटतो. दिवसाकाठी अशा काही लाटा येतात, आणि सगळ्यांत मोठी येते रात्री, पहिली गाढ झोप लागल्यावर. दोन लाटांच्या मध्ये धडधाकट माणसाच्या रक्तातही तो जवळजवळ शून्य असतो. सुटल्यावर टिकतोही थोडा वेळ, साधारण वीस मिनिटांत निम्मा होतो. काचेच्या नळीतली ती वीस मिनिटं मला लगेच आठवली. एका वीस मिनिटांत माझं सगळं आयुष्य कळलं होतं आणि दुसऱ्या वीस मिनिटांच्या हिशेबाने काहीच कळत नव्हतं. सकाळी अकराला घेतलेल्या रक्तात ०.०६ आलं, तर लाट ओसरलेली होती की लाट येतच नाही, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. व्यायाम केला, पोट रिकामं असलं, मनावर ताण असला तर तो वाढतो. जेवणानंतर साखर वाढली की दबतो. म्हणूनच छापलेली मर्यादा शून्यालगत सुरू होते, आणि कमतरता असलेला माणूसही तिच्यात आरामात बसतो.

घरी मी हे आईला आमच्या नळपाणी योजनेवरून सांगितलं. नळाला पाणी येतं पहाटे तासभर. दुपारी बाराला तोटी उघडली आणि पाणी आलं नाही, म्हणून टाकी रिकामी आहे असं म्हणता येईल का? आणि भरलेली आहे असं तरी म्हणता येईल का? तोटीपेक्षा घरातलं पिंप बघावं. रोज पाणी येत असेल तर पिंपात साठा दिसेल.

ते पिंप म्हणजे आयजीएफ-वन. वाढीचा हार्मोन यकृताला सांगतो आणि यकृत हे द्रव्य बनवतं. ते रक्तात प्रथिनांना बांधलेलं राहतं, दिवसभर फारसं वरखाली होत नाही, त्यामुळे कुठल्याही वेळी तपासता येतं. पण त्याची मर्यादा वयावर ठरते. २०० हा आकडा सोळा वर्षांच्या मुलाला कमी ठरू शकतो, पंचाहत्तरीच्या आजोबांना तोच जास्त. माझं वय तेव्हा ४२ होतं, माझ्या रिपोर्टवर त्या वयाची मर्यादा १०१ ते २६७ होती आणि माझा आकडा ४१. आधीच्या कागदावर न उमटलेला बाण इथे खाली तोंड करून उमटला होता.

मला वाटलं, झालं, निदान लागलं. मॅडम म्हणाल्या, अजून नाही. पिंप रिकामं दिसण्याची इतरही कारणं असतात. माणूस नीट जेवत नसेल, यकृताचा आजार असेल, मधुमेह हाताबाहेर गेला असेल, थायरॉइड कमी असेल, तर वाढीचा हार्मोन असूनही आयजीएफ-वन खाली येतं. बायका इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेत असतील तरी येतं. माझं थायरॉइड कमी होतंच. "आधी बाकीचं भरून काढू. हा हार्मोन नाही म्हणून माणूस दगावत नाही. कॉर्टिसॉल नसलं तर दगावतो."

क्रमही त्यांनी ठासून सांगितला. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग काही दिवसांनी थायरॉइडची गोळी. उलट केलं तर थायरॉइडच्या गोळीने उरलंसुरलं कॉर्टिसॉलही संपून जिवावर बेतू शकतं. ताप आला की डोस दुप्पट, उलट्या होऊन गोळी टिकेना तर थेट दवाखाना. खिशात कार्ड. त्यानंतर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. तीन महिन्यांत मी माणसांत आलो. पहिल्यांदा सलग दोन तास उभं राहून शिकवलं, त्या दिवशी शाळेच्या मागच्या बाजूला जाऊन मी रडलो.

सहा महिन्यांनी पुन्हा आयजीएफ-वन केलं. त्याआधी मॅडमनी मी घेत असलेली प्रत्येक गोळी विचारली. केस गळतात म्हणून एक गोळी मी दुकानातून आणून घेत होतो, तिच्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व होतं. ते तपासणीच्या कामात ढवळाढवळ करून काही हार्मोनचे आकडे खोटे कमी किंवा खोटे जास्त दाखवू शकतं, म्हणून आधी थांबवलं. जुनी तपासणी केलेल्याच प्रयोगशाळेत रक्त पाठवलं, कारण दोन ठिकाणच्या यंत्रांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. उत्तर आलं ८४. वर आलं होतं, पण उंबरठा ओलांडला नव्हता.

इथे निर्णयाची वेळ आली. पिट्युटरीचे तीन किंवा जास्त हार्मोन कमी असतील आणि आयजीएफ-वनही वयाच्या मर्यादेखाली असेल, तर वाढीच्या हार्मोनची कमतरता जवळपास पक्की धरतात, पुढची चाचणी केली नाही तरी चालतं. मी त्याच घरात बसत होतो. पण ८४ आणि १०१ यांच्यात अंतर थोडं होतं, उपचार महागडे होते आणि वर्षानुवर्षं घ्यायचे होते. मॅडम म्हणाल्या, "मला संशय नाही. पण तुम्ही रोज सुई टोचणार आहात, तुमच्या मनात संशय राहायला नको." मला ते पटलं.

आता तोटी उघडून वाट बघायची नव्हती, पिंपही बघायचं नव्हतं. पंप आपण चालू करायचा आणि पाणी चढतं का ते पाहायचं. याला उत्तेजन चाचणी म्हणतात. सगळ्यांत खात्रीची मानतात ती इन्सुलिनची. शिरेतून इन्सुलिन देऊन साखर ४०च्या खाली आणतात, त्या धक्क्याने सुदृढ पिट्युटरी हार्मोन सोडते. पण ज्याला फिट येऊन गेली आहे किंवा हृदयाचा आजार आहे, त्याला ती करत नाहीत. मला फिट आली होती. लहान मुलांना क्लोनिडिनची गोळी देऊन करतात ती चाचणी मोठ्यांमध्ये भरवशाची नाही. राहिली ग्लुकागॉन या दुसऱ्या एका हार्मोनची.

रात्री बारापासून पोटात पाणी सोडून काही नाही. सकाळी आठला हातात सुई बसवली, पहिला नमुना घेतला आणि दंडात एक मिलिग्रॅम ग्लुकागॉन टोचलं. मग दर अर्ध्या तासाला एक नमुना, चार तास. एकूण नऊ नळ्या. प्रत्येक नळीवर सिस्टरनी वेळ लिहिली आणि मला वाचून दाखवली. वेळ चुकली तर सगळी मेहनत वाया जाते, असं त्या म्हणाल्या. ग्लुकागॉनने आधी साखर वाढते, मग उतरू लागते, आणि या चढउतारात, बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या तासात, हार्मोनची लाट येते. माझी साखर ९२वरून १५०च्या पुढे गेली. दीड तासाने पोटात ढवळायला लागलं, एकदा उलटी झाली. तेवढं होतं बऱ्याच जणांना, घाबरायचं कारण नाही. पण पडून राहावं लागतं.

शेजारच्या खाटेवर इचलकरंजीच्या एक ताई होत्या, पन्नाशीच्या. त्यांची चाचणी माझ्या नेमकी उलट होती. चार वर्षांत चपलेचा नंबर दोनदा वाढला, अंगठी कापून काढावी लागली, लग्नातल्या बांगड्या मनगटावर चढेनात, दातांत फटी पडल्या. घरच्यांना वाटायचं, वय झालं, अंग सुटलं. त्यांचं आयजीएफ-वन वयाच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट होतं. पिट्युटरीत गाठ होऊन हार्मोन जास्त सुटत असल्याचा संशय होता. याला अॅक्रोमेगली म्हणतात. त्यांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजलं आणि दोन तास दर अर्ध्या तासाने रक्त घेतलं. साखर वाढली की वाढीचा हार्मोन दबला पाहिजे, १ नॅनोग्रॅमच्या खाली गेला पाहिजे. हल्लीच्या फार सूक्ष्म मोजणाऱ्या यंत्रांवर ०.४चा उंबरठा धरतात. गाठ असेल तर तो दबत नाही.

"म्हंजे दादा, तुमचा वर चढतोय का बघायचं आन् माझा खाली उतरतोय का," ताई म्हणाल्या. चार तासांत मला कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. त्या मला त्यांच्या सुनेचं बाळ मोबाइलवर दाखवत होत्या. त्यांचा हात माझ्या हाताच्या दीडपट होता, आणि त्याला तो मोबाइल लहान पडत होता. पुढे दोन महिन्यांनी ओपीडीत भेटल्या. नाकातून दुर्बीण घालून गाठ काढली होती, आणि बारा आठवड्यांनी आयजीएफ-वन करायचं होतं, त्याआधीचा आकडा पुरता खाली आलेला नसतो म्हणून.

चाचणी संपल्यावर मला लगेच खायला दिलं, कारण नंतर साखर फार उतरू शकते. पाच दिवसांनी रिपोर्ट मिळाला. नऊ आकडे ओळीने: ०.०६, ०.०५, ०.०८, ०.१४, ०.३१, ०.४२, ०.३६, ०.२२, ०.१५. पहिला आकडा बघून मी थबकलो. २०१९चाच आकडा, जसाच्या तसा. पण त्याच्या मागे आता आठ आकडे उभे होते, आणि त्यांनी त्याला अर्थ दिला होता. या चाचणीत सडसडीत माणसाचा सर्वोच्च आकडा ३च्या वर जायला हवा. लठ्ठपणात हार्मोन मुळातच कमी सुटतो, म्हणून त्यांच्यासाठी उंबरठा १वर आणतात. माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २६ होता, म्हणजे मधलाच. पण ०.४२ हा आकडा कुठल्याच उंबरठ्याजवळ नव्हता.

आईला नऊही आकडे वाचून दाखवले. तिने विचारलं, "म्हंजे पंप लावला तरी पानी न्हाई?" मी नाही म्हणालो. "मग हिरीला झराच न्हाई म्हण की." आणि थोड्या वेळाने ती माझ्या आत्याबद्दल बोलायला लागली.

आत्याला मी लहानपणी पाहिलेलं आहे. कायम घोंगडी पांघरून पडवीत बसलेली, पांढरीफटक, भुवया विरळ. तिचं पहिलं बाळंतपण घरीच झालं, रक्त फार गेलं, ती वाचली हेच नवल. पण बाळाला दूध आलं नाही. पाळी पुन्हा कधी आलीच नाही. सासरचे म्हणत, आळशी आहे. गावात म्हणत, बाहेरचं आहे. आई म्हणाली, "तिचंबी असंच झालं असंल का रं?" मी मॅडमना विचारलं. हा आजार ग्लासगोत काम करणाऱ्या शीहान नावाच्या डॉक्टरांनी १९३७ साली नीट वर्णन करून ठेवलेला आहे, त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला तर पिट्युटरी मरू शकते. दूध न येणं ही बहुतेकदा त्याची पहिली खूण. आत्या जाऊन आता पंचवीस वर्षं झाली, तिचं रक्त कुणी तपासलं नाही. पण आईला त्या दिवशी फार रडू आलं, आणि आमच्या घरात तिला आळशी म्हणणं कायमचं बंद झालं.

जानेवारी २०२२पासून मी वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन घेतो. रोज रात्री झोपताना, पोटावर, पेनसारख्या यंत्राने. सुरुवात ०.२ मिलिग्रॅमने. पूर्वी हा हार्मोन मृत माणसांच्या पिट्युटरीतून काढत, त्यातून मेंदूचा जीवघेणा रोग पसरल्याचं दिसल्यावर १९८५मध्ये ते थांबलं आणि जनुकीय तंत्राने बनवलेला आला. किती द्यायचा हे वजनावर ठरवण्यापेक्षा हळूहळू वाढवत नेतात आणि पुन्हा आयजीएफ-वनकडेच बघतात, म्हणजे निदानाला जो आकडा लागला तोच आता मोजपट्टी झाला. सहा आठवड्यांनी ११२. डोस ०.३ केला तेव्हा बोटं सुजली, सकाळी मुठी वळेनात, मनगटात मुंग्या आल्या. मला इचलकरंजीच्या ताई आठवल्या आणि मी घाबरून फोन केला. मॅडमनी डोस थोडा मागे घेतला, मग सावकाश वाढवला. सहा महिन्यांनी १६८ आला, वयाच्या मर्यादेच्या साधारण मध्यावर, आणि तिथेच ठेवायचा आहे. मध्यंतरी थायरॉइडची गोळी ७५वरून १०० करावी लागली, कारण हे इंजेक्शन सुरू झालं की फ्री टी-फोर उतरू शकतं. कॉर्टिसॉलची गरजही वाढू शकते, तेही तपासलं.

फरक पडला का, असं लोक विचारतात. मला उभं केलं ते कॉर्टिसॉलने आणि थायरॉइडने. या इंजेक्शनने पोट उतरलं, पट्ट्याचं एक भोक मागे आलं, शेतावरचा चढ न थांबता चढता येतो आणि दुपारी डोक्यावर येणारं धुकं गेलं. खर्च पगाराचा सातवा हिस्सा आहे. सगळ्यांना हे परवडणार नाही, आणि मोठ्या माणसाला प्रत्येक वेळी द्यायलाच हवं असंही नाही. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, काही महिने देऊन बघू, फायदा वाटला नाही तर थांबवू. माझा एक जुना विद्यार्थी जिममध्ये जातो. तो हेच इंजेक्शन कुठे मिळेल असं विचारायला आला होता. त्याची पिट्युटरी धडधाकट आहे. मी त्याला ताईंच्या हाताबद्दल, कापलेल्या अंगठीबद्दल तासभर सांगितलं. पुन्हा त्याने विचारलेलं नाही.

गेल्या सुगीत आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका पोराला घोणस चावली. वय एकोणीस. सात वेळा डायलिसिस झालं आणि तो घरी आला. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा गर्दी होती, सगळे म्हणत होते, संपलं एकदाचं. मी त्याच्या वडिलांना बाजूला घेऊन एका कागदावर लिहून दिलं: सकाळी आठचं कॉर्टिसॉल, टीएसएचबरोबर फ्री टी-फोर, टेस्टोस्टेरॉन, सोडियम, आयजीएफ-वन. नुसतं ग्रोथ हार्मोन करायचं नाही, असं खाली दोन रेघा ओढून लिहिलं. महिन्याभराने त्याला घेऊन मीच कोल्हापूरला गेलो, पहिल्या एसटीने, आठच्या आत रक्त देता यावं म्हणून. कॉर्टिसॉल १४ आलं. बाकीचेही चांगले आले. मॅडम म्हणाल्या, सहा महिन्यांनी पुन्हा, मग वर्षाला एकदा, आणि दाढी कमी झाली, चक्कर आली, थंडी वाजू लागली तर मधेच या. एसटीत परत येताना तो खिडकीला डोकं टेकून झोपला होता. पुढची तारीख मी माझ्या शाळेच्या डायरीत लिहून ठेवली आहे.